‘भरून मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांना

छायाचित्राच्या कॉपीराइटची नोटीस आली की आपल्याकडे सल्ला तयार असतो. ‘फोटो गुगलवरून उचलला होता ना? मग चूक तुमचीच. समोर मोठी कंपनी आहे, तिचे वकील दिल्लीत बसतात, केस झाली तर जामीनसुद्धा मिळत नाही म्हणे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मागतात तेवढे भरा आणि मोकळे व्हा.’ हे सांगणारे अडाणी नसतात. कोणी संगणकाचे दुकान चालवतो, कोणी शिक्षणसंस्थेवर असतो, कोणाची दोन-चार वकिलांशी ऊठबस असते. जाणता माणूस सांगतोय म्हणून ऐकणारा निमूट मान डोलावतो. मला या सल्ल्याचा संताप येतो. तो अर्धवट माहितीवर उभा आहे, भित्रा आहे, आणि त्याची किंमत दर वेळी तोच मोजतो ज्याच्या खिशात सर्वांत कमी असते.

ही वेळ कोणावर येऊ शकते? आपल्या नंदुरबार जिल्ह्यातच पाहा. तोरणमाळला दोन खोल्या भाड्याने देणारा तरुण स्वतःचे पान बनवतो आणि यशवंत तलावाचा नाहीतर सीताखाईचा एखादा देखणा फोटो त्यावर टाकतो. मिरचीचा व्यापारी पथारीवर वाळत घातलेल्या लालभडक मिरचीचे चित्र शोधून लावतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या बातम्या देणारे एकट्याने चालवलेले यूट्यूब चॅनल असते, धडगावकडच्या आश्रमशाळेचे पान असते, शहाद्याचा क्लासवाला असतो, अक्कलकुव्याचा बचत गट असतो. यांच्यातल्या कोणाच्या पदरी विधी विभाग नाही. चित्रे हुडकणारे सॉफ्टवेअर मात्र लहान-मोठे पाहत नाही. इंटरनेटवरची चित्रे ते ताडून बघते, एखादे जुळले की स्क्रीनशॉट निघतो, रक्कम लिहिली जाते, मुदत घातली जाते, पैसे भरायची लिंक जोडली जाते आणि पत्र सुटते. पत्र पाठवणाऱ्याला याचा खर्च नगण्य असतो. ज्यांना पत्रे गेली त्यांतल्या थोड्यांनी घाबरून पैसे भरले तरी त्याचे भागते. ‘भरून मोकळे व्हा’ हा सल्ला अशा व्यवहाराला फुकटात मिळालेली मदत आहे.

सल्ल्यातले पहिले गृहीत असे की पत्र आले म्हणजे दोष सिद्ध झाला. कोणी सिद्ध केला? पत्र हा मागणी करणाऱ्याचा दावा आहे. त्यावर ना न्यायाधीशाची सही आहे, ना कोणी दुसरी बाजू ऐकली आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा माणूस. पण कलम १७ प्रमाणे पहिला मालक दर वेळी तोच असतो असे नाही. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून टिपलेल्या छायाचित्राचा मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा मालक, पुन्हा वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. मालकी दुसऱ्याला द्यायची तर कलम १९ प्रमाणे ती लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. म्हणजे पत्र पाठवणारी कंपनी आणि तो फोटो यांच्यामध्ये कागदांची साखळी असायला हवी. ती पाहायला मागणे हा उद्धटपणा कसा? नंदुरबारच्या बाजार समितीत माल न पाहता, वजन न करता, मिरचीला कोणी भाव देतो का? मग अनोळखी कंपनीने मालकीचा एकही कागद न दाखवता सांगितलेला आकडा का भरायचा?

आणि कागद न पाहता भरले तर काय होऊ शकते? कॅरोल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकर्तीने १९८८ पासून आपली हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली, लोकांनी ती मोफत वापरावीत म्हणून. डिसेंबर २०१५ मध्ये तिच्याच संस्थेला एका छायाचित्र कंपनीच्या वतीने पत्र आले. तिने स्वतः टिपलेले चित्र स्वतःच्याच संकेतस्थळावर लावल्याबद्दल १२० डॉलर भरा, असे त्यात म्हटले होते. चौकशी केली तेव्हा तिची छायाचित्रे मोठ्या कंपन्यांच्या संग्रहात विकायला ठेवलेली सापडली. २०१६ मध्ये तिने गेटी इमेजेस आणि इतरांवर एक अब्ज डॉलरचा दावा लावला. तिचे कॉपीराइटविषयक मुद्दे न्यायालयात टिकले नाहीत आणि उरलेले प्रकरण आपसात मिटले, पण तिला गेलेले ते पत्र निराधार होते हे जगाला दिसले. स्वतः फोटो काढणारीला असे पत्र जाते, तर तळोद्याच्या एखाद्या दुकानदाराला गेलेले पत्र आपोआप खरे कसे मानायचे? हायस्मिथने घाबरून १२० डॉलर भरले असते तर तिच्या चित्रांचे काय चालले आहे हे कोणाला कळले असते?

दुसरीकडे तद्दन बनावट पत्रेही फिरतात. २०२४ मध्ये अमेरिकेत एका वकिली संस्थेच्या नावाने अशी नोटीस गेली आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावरचे वकिलांचे चेहरेच संगणकाने तयार केलेले निघाले. पत्रातल्या लिंकवर बोट ठेवण्याआधी पाठवणारा खरोखर अस्तित्वात आहे का, एवढे तरी तपासायचे की नाही?

दुसरे भय तुरुंगाचे, आणि लोकांचे सर्वांत जास्त नुकसान यानेच होते. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, हे खरे. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, हेही खरे. पण त्याच कलमातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द सल्लागार सांगत नाहीत. दुसऱ्याचा हक्क आहे हे माहीत असून तो मोडला, असे फिर्यादीला दाखवून द्यावे लागते. आणि हे उल्लंघन धंद्यातल्या कमाईसाठी झालेले नसेल तर त्याहून कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला त्याच कलमाने दिला आहे. कायद्याची धमकीची ओळ पाठ करायची आणि संरक्षणाची ओळ गाळायची, याला जाणतेपणा कसे म्हणावे?

अतिशयोक्तीने लोकांना घाबरवू नका, हे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एकदा स्पष्ट सांगितलेले आहे. २०१६ साली ‘ढिशूम’ चित्रपटाच्या वेळी चोरट्या प्रतींची संकेतस्थळे बंद करण्यात आली. ती उघडू पाहणाऱ्यापुढे इशारा यायचा की, असा मजकूर पाहणे, उतरवून घेणे हाही शिक्षापात्र गुन्हा आहे. देशभर घबराट पसरली. चित्रपट नुसता पाहिला म्हणून तीन वर्षे आत जायचे? न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो इशारा चुकीचा ठरवला. नुसते पाहणे हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय प्रत वाटणे, जाहीरपणे दाखवणे, विकणे किंवा भाड्याने देणे हा आहे, असे सांगून त्यांनी इशाऱ्याची भाषा बदलायला लावली. छायाचित्र आपल्या पानावर लावणे ही नुसत्या पाहण्याहून वेगळी गोष्ट आहे, ते उल्लंघन ठरू शकते, यात मला शंका नाही. पण कायद्याच्या नावाने कायद्यापलीकडची भीती घालू नये, हे तत्त्व नोटीस लिहिणाऱ्यालाही लागू पडते आणि ती वाचून दाखवणाऱ्या सल्लागारालाही.

परदेशी पत्रात एका चित्रामागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाईचा उल्लेख असतो. तो आकडा अमेरिकी कायद्यातला आहे, हेतुपुरस्सर केलेल्या उल्लंघनासाठीची ती कमाल मर्यादा आहे, आणि तिथेही त्यासाठी चित्राची वेळेत नोंदणी झालेली असावी लागते. परदेशी छायाचित्रकाराला भारतात संरक्षण जरूर आहे, कारण बर्न करारात आपण १९२८ पासून आहोत. पण ते भारतीय कायद्याप्रमाणे आहे, आणि भारतीय कायद्यात दर चित्रामागे ठरावीक भरपाईचा तक्ता नाही. नुकसान किती झाले हे मागणाऱ्याने दाखवायचे असते. अमेरिकी न्यायालयाचा हुकूमनामा इथे थेट बजावताही येत नाही, त्याच्या आधारे भारतात नवा दावा लावावा लागतो.

‘तुम्हाला दिल्लीला खेचतील’ ही धमकी नंदुरबारमध्ये विशेष लागू पडते. अक्राणीतल्या माणसाला जिल्ह्याच्या गावी यायचे तरी घाट उतरून अख्खा दिवस जातो, तो दिल्लीच्या तारखांना कसा जाणार? कलम ६२ प्रमाणे मालकाला आपल्या राहत्या किंवा धंद्याच्या जागी दावा लावता येतो, हे मान्य. पण याच कलमाचा आधार घेऊन इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीने महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांच्या मालकावर दिल्लीत दावा लावला होता. संस्थेचे मुख्य कार्यालय मुंबईत, दाव्याचे कारण महाराष्ट्रात घडलेले, दिल्लीत नुसती शाखा. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच, म्हणजे संजय दालिया प्रकरणात सांगितले की ही सवलत मालकाच्या सोयीसाठी आहे, समोरच्याला लांब नेऊन छळण्यासाठी नाही. जिथे मुख्य कार्यालय आहे आणि तिथेच दाव्याचे कारणही घडले आहे, तिथेच जा, दूरच्या शाखेचे निमित्त काढू नका. ज्या कंपनीचे मुख्य कार्यालयच दिल्लीत आहे तिला या निकालाने तिथून हटवता येणार नाही, हे मी लपवत नाही. पण एवढा निकाल हाताशी असताना तिचे कार्यालय कुठे आहे हेही न विचारता माणसाला घाबरवून सोडायचे, हे कसले मार्गदर्शन?

आता नैतिकतेचा मुद्दा. ‘चोरी ती चोरी. छायाचित्रकार उन्हातान्हात फिरतो, त्याच्या घामाचे पैसे द्यायला नकोत?’ द्यायला हवेत, आणि हे मी मनापासून म्हणतो. ‘गुगलवर आहे म्हणजे फुकट आहे’ हा आपला समज खोटा आहे. गुगल चित्र दाखवते, ते चित्र गुगलचे नसते. जानेवारी २०१० च्या हैतीच्या भूकंपात डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने टिपलेली चित्रे ट्विटरवरून उचलून एएफपी या वृत्तसंस्थेने वितरित केली आणि गेटीने पुढे दिली. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्याला बारा लाख डॉलर देवविले. ते योग्यच झाले. नंदुरबारचा एखादा तरुण पहाटे काठी गावच्या होळीत उभा राहून फोटो काढतो आणि कोणी मोठे दैनिक तो नाव न देता छापते, तेव्हा त्यानेही अशीच नोटीस पाठवावी. मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

पण छायाचित्रकाराचा हक्क मानणे आणि मागितलेला आकडा मुकाट भरणे यांत अंतर आहे. त्या चित्राचा त्या वापरासाठीचा नेहमीचा दर काही शे किंवा काही हजार रुपये असेल आणि पत्रात त्याच्या कित्येक पट मागितले असतील, तर वरची रक्कम कोणाच्या घामाची? त्यातली किती छायाचित्रकाराला मिळणार, हे पत्रात लिहिलेले असते का? कायदासुद्धा अजाणतेपणी झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली लूट यांत फरक करतो. कलम ५५ म्हणते की उल्लंघन झाले त्या दिवशी त्या कृतीवर कॉपीराइट आहे हे माहीत नव्हते आणि तसे मानायला वाजवी कारणही नव्हते, असे प्रतिवादीने सिद्ध केले, तर मालकाला मनाई हुकूम आणि त्या वापरातून झालेल्या नफ्याचा न्यायालय ठरवेल तेवढा वाटा मिळतो, भरपाई मिळत नाही. हा बचाव सोपा नाही, छायाचित्रावर नाव किंवा शिक्का असेल तर तो फारसा चालणार नाही. पण जो कायदा इतका तोलून बोलतो, त्याचेच नाव घेऊन सरसकट ‘चोर’ म्हणायचा अधिकार कोणाला मिळाला?

आणि नैतिकता काढलीच आहे तर ती पूर्ण काढू. काठीच्या राजवाडी होळीत मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर नक्षी रेखलेले बावा-बुध्या रात्रभर नाचतात. त्यासाठी व्रत पाळतात. बाहेरून आलेले कॅमेरे त्यांना टिपतात आणि ती चित्रे विक्रीच्या संग्रहांत जातात. कॉपीराइट कायद्याने त्या चित्राचा कर्ता कॅमेरा धरणारा. नाचणाऱ्याला त्यात मालकी नाही. उद्या त्याच पाड्यावरच्या शाळेने तेच चित्र आपल्या पानावर लावले, तर मागणीचे पत्र त्या पाड्यावर येऊ शकते. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. त्या दिवशी वृत्तसंस्थांनी टिपलेली छायाचित्रे देशभर गेली, आजही जातात. त्यांचे हक्क टेंभलीकडे नाहीत. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका महिलेची याचिका आली. ओळखीच्या छायाचित्रकाराने काढलेला तिचा फोटो शटरस्टॉक या छायाचित्रे विकणाऱ्या संकेतस्थळावर चढला आणि तिच्या संमतीशिवाय केंद्रीय मंत्रालय, काही राज्य सरकारे आणि एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींत झळकला, असे तिचे म्हणणे. न्यायालयाने हा विषय गंभीर मानून नोटिसा काढल्या. ज्यांचे चेहरे, ज्यांचे सण, ज्यांची शेते विकली जातात, त्यांच्या हक्कांबद्दल ‘चोरी ती चोरी’वाले एरवी एक शब्द बोलत नाहीत. मग पत्र त्यांच्याच दारात आले की त्यांनाच नीती शिकवायला कोणत्या तोंडाने पुढे येतात?

याच्या उलट टोकाचा सल्लाही फिरतो: ‘फाडून टाका, काही होत नाही.’ तो तितकाच घातक आहे. नोटिशीला उत्तर न देणे हा गुन्हा नाही, पण पत्र मिळाल्यावरही चित्र पानावर तसेच ठेवले तर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव त्या दिवसापासून संपतो आणि ‘जाणूनबुजून’ हा शब्द आपल्याला चिकटू लागतो. कॉपीराइटच्या भरपाईचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. सहा महिने काही झाले नाही म्हणून विषय मिटला असे मानू नये.

भरणे आणि फाडणे यांच्यामध्ये उत्तर देणे नावाची गोष्ट आहे, आणि तीच आपल्याला कोणी शिकवत नाही. चित्र त्याच दिवशी काढून टाका, पण काढण्याआधी आपल्या पानाची प्रत, चित्र कुठून घेतले, कधी लावले, याची नोंद ठेवा. फोनवर काही कबूल करू नका. मग आपले सर्व हक्क अबाधित ठेवून, सौम्य भाषेत, लेखी विचारा: छायाचित्र कोणी टिपले, आपल्याकडे त्याचा हक्क कोणत्या कागदाने आला, त्याची प्रत द्या, चित्र पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झाले, अशा वापराचा त्या वेळचा दर काय होता, आणि मागितलेला आकडा कसा काढला. आपल्या पानावरून कमाई होत नसेल तर तसे लिहा. ताज्या घटनेचे वार्तांकन करताना वापरले असेल तर कलम ५२ मधली न्याय्य वापराची तरतूद नमूद करा. वार्तांकनाची ती सवलत वर्षभर शोभेला लावलेल्या चित्राला मिळत नाही, हे ध्यानात ठेवून. चित्र क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे असेल आणि नाव द्यायचे राहिले असेल, तर परवान्याची आवृत्ती पाहा. २०१३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून तीस दिवसांत ती दुरुस्त केली तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो, आधीच्या आवृत्त्यांत अशी मुभा नाही. कागद खरे निघाले, मालकी पटली, तर नेहमीचा दर देऊ करा, पावती घ्या आणि ‘या चित्राबाबत आता कोणतीही मागणी उरली नाही’ असे लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. यात छायाचित्रकाराचा अपमान कुठे झाला? त्याला त्याचे मिळाले, आणि ज्याचा हक्कच नाही तो रिकाम्या हाताने परतला.

आणि समोरच्याकडे हक्क नसताना तो धमकावतच राहिला तर? त्यासाठी याच कायद्यात कलम ६० आहे. निराधार धमकी मिळालेल्या माणसाला स्वतः न्यायालयात जाऊन ‘मी उल्लंघन केलेले नाही’ असे जाहीर करून घेता येते, धमक्या थांबवण्याचा हुकूम मागता येतो आणि झालेल्या नुकसानीची भरपाईसुद्धा वसूल करता येते. धमकी देणाऱ्याने तत्परतेने रीतसर दावा लावून तो चालवला तरच तो या कलमातून सुटतो. म्हणजे १९५७ पासून कायदा पत्र पाठवणाऱ्याला बजावतो आहे की खरा हक्क असेल तर न्यायालयात ये, नुसत्या पत्रावर पैसे उकळू नकोस. कोर्टाची पायरी चढायची वेळ कधी कधी त्यांच्यावर असते. तुमच्या सल्ल्यात हे कलम का नसते?

‘आमच्यापाशी वकिलाला द्यायला पैसे कुठे आहेत?’ हा मात्र खरा प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला मोफत विधी सेवेचा हक्क आहे, त्यांचे उत्पन्न कितीही असो. आणि विधी सेवा म्हणजे नुसता खटला चालवणे नाही, कोणत्याही कायदेशीर बाबतीत सल्ला देणे हेही त्या कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे बचत गटाची अध्यक्ष, आणि अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर तोरणमाळचा तो तरुण, सारंगखेड्याचा चॅनलवाला, या सगळ्यांना जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात नोटीस घेऊन जाण्याचा आणि तिचे उत्तर कसे द्यायचे हे विचारण्याचा हक्क आहे. १५१०० हा विधी सेवेचा मदत क्रमांक त्यासाठीच आहे. पुढच्या वेळी कोणी असे पत्र तुमच्यासमोर धरले आणि ‘काय करू?’ म्हणून विचारले, तर पैसे भरायची लिंक उघडून देऊ नका. त्याच्याबरोबर तिथपर्यंत चालत जा.